शेजारच्या सेलवर टाकलेला भार

कुठल्याही लग्नात मी जेवायला बसले की कोणीतरी नातेवाईक आपला मोबाईल आणून माझ्या ताटाशेजारी ठेवतो. "मनीषा, जरा बघ गं. बेडरूममध्ये रेंजच येत नाही. तू त्याच लाइनमधली ना?" एक मामेभाऊ तर मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत, बोहल्यावर चढायच्या आधी, कंपनी बदलू का म्हणून विचारून गेला. नातेवाइकांच्या मते मी एकतर सिमकार्डं विकते, नाहीतर टॉवरवर चढते. मी दोन्ही करत नाही. माझं काम एसीत बसून चालतं आणि ते समजावून सांगायला लागलं की ऐकणाऱ्याला दुसऱ्या मिनिटाला जांभई येते. बरीच वर्षं मला त्या जांभईचा राग यायचा. हल्ली ती आली की बरं वाटतं, कारण पुढचं सांगावं लागत नाही. इथे मात्र सांगायचं ठरवलंय, तेव्हा जांभई आवरून ऐका.

उपनगरांत इमारतींच्या गच्चीवर खांब दिसतात आणि त्यांना लांबट पांढरे डबे लावलेले असतात. बहुतेक ठिकाणी तीन, तीन दिशांना तोंडं करून. एकेक डबा आपल्या समोरच्या एका पट्ट्याला रेंज देतो. त्या पट्ट्याला आम्ही सेल म्हणतो. सगळं शहर अशा सेलनी झाकलेलं आहे, गोधडीसारखं, एकाची कड दुसऱ्याच्या कडेवर चढलेली. तुमचा फोन सारखा कानोसा घेत असतो, कुठल्या सेलचा आवाज मोठा येतोय, आणि ज्याचा मोठा त्याला जाऊन चिकटतो.

भानगड अशी की एका सेलमध्ये किती माणसांचं भागेल याला मर्यादा असते. फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात पण व्हिडिओ नुसता गोल गोल फिरत राहतो, तेव्हा समजावं की सेल भरलाय. ही गर्दी एका जागी बसतही नाही. सकाळी ती मुलुंड-बोरिवलीच्या घरांत असते, दुपारी अंधेरीच्या ऑफिसांत आणि संध्याकाळी मालाडच्या बाजारात. भरलेल्या सेलमधली काही माणसं शेजारच्या मोकळ्या सेलवर सरकवायची, म्हणजे सगळ्यांचंच बरं चालतं. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात. वीसएक वर्षं मी हेच करत आले.

ग्राहकांशी आमचा थेट संबंध कमी येतो, पण कधीकधी येतो आणि तो लक्षात राहतो. घाटकोपरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते, बँकेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा शर्ट. रेडिएशनच्या भीतीनं त्यांनी भांडून भांडून आपल्या गच्चीवरचा टॉवर काढायला लावला. टॉवर गेला आणि महिन्याभरात त्यांचाच फोन ऑफिसात, रेंज नाही म्हणून. मी बघायला गेले तर मला गॅलरीत नेऊन समोरची बिल्डिंग दाखवली.

"मॅडम, त्या बिल्डिंगवर लावा ना टॉवर. फक्त तोंड आमच्याकडे करा."

"आणि काका, त्या लोकांना रेडिएशन?"

"ते त्यांचं त्यांनी बघावं ना."

हा किस्सा मी कितीतरी वेळा रंगवून सांगितला आहे आणि हशे वसूल केले आहेत. आता सांगत नाही. काका निदान तोंडावर बोलले. मी तेच काम पगार घेऊन, कोणाच्याही तोंडासमोर न जाता करत होते.

माणसं सरकवायची कशी, ते सांगते. माणूस आपल्या घरातच बसलेला असतो, सरकतो तो त्याचा फोन. त्यासाठी फोनला फसवायचं. समजा भरलेल्या सेलचा आवाज मोठा येतोय आणि शेजारच्या मोकळ्या सेलचा बारीक. तर आम्ही फोनला सांगतो की त्या बारीक आवाजात मनानं थोडी भर घाल आणि मग तुलना कर. वाणी तराजूच्या पारड्याखाली बोट लावतो, तसलाच प्रकार. फोन बिचारा विश्वास ठेवतो आणि कमजोर सेलला जाऊन चिकटतो. मूळ सेलमध्ये जागा होते आणि तिथे उरलेले लोक खूश होतात.

आता यातली मेख. टॉवरच्या समोर राहणाऱ्याला ही फसवणूक लागू पडत नाही, कारण त्याच्या कानात मोठा आवाज इतका मोठा असतो की बोट लावून काही होत नाही. सरकतात फक्त दोन सेलच्या कडेला राहणारे, ज्यांना आधीच दोन्हीकडून जेमतेम मिळतंय. आमचा हिशेब सगळ्या सेलच्या सरासरीवर चालतो. सरासरी सुधारली की स्क्रीनवर भरलेला, लाल दिसणारा सेल हिरवा होतो आणि कडेच्या माणसाचं काय झालं ते सरासरीत दिसत नाही. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. धंद्याची रीतच ती, म्हणून मी कधी मनाला लावून घेतलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर एखादी शेळी काट्यात जाणारच, असं मी नव्या पोरांना हसत सांगायचे.

आणि मी माझ्या कामात हुशार होते. खोटा विनय कशाला? कांजूरमार्गपासून दहिसरपर्यंत कुठला सेल कधी फुगतो हे मला नकाशा न बघता सांगता यायचं. विसर्जनाच्या दिवशी अख्खी चौपाटी एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागली तरी माझे सेल कोलमडले नाहीत, याचा मला अजून अभिमान आहे. तेवढा राहू द्या.

दिंडोशीला हायवेच्या अंगाला उंच इमारतींचं एक मोठं कॉम्प्लेक्स उभं राहिलं. लोक राहायला आले आणि तिथला सेल लालभडक झाला. त्यावरचा खरा उपाय म्हणजे आणखी डबे लावणं. पण त्याला जागा, परवानग्या, सोसायटीची हो-ना, सगळं रखडलेलं. आणि कॉम्प्लेक्समध्ये आमच्याच कंपनीचे एक बडे साहेब राहायला आलेले. दर सोमवारी मीटिंगमध्ये त्यांच्या दिवाणखान्यातला स्पीड हा विषय असायचा. मागच्या टेकडीवर चढत गेलेली जुनी वस्ती आहे, तिच्याकडे तोंड असलेला सेल मोकळा होता. मी त्या टेकडीच्या सेलखाली बोट लावलं. कॉम्प्लेक्स आणि टेकडी यांच्या मधल्या गल्ल्यांतले फोन टेकडीकडे सरकले. साहेबांच्या दिवाणखान्यात व्हिडिओ फटाफट चालू लागला.

पुढच्या महिन्यात दोन्ही सेल हिरवे. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्या भागातल्या तक्रारीही कमी झाल्या. माझा मॅनेजर राजीव, आम्ही दोघं एकाच वेळी नोकरीला लागलेलो, तो म्हणाला, "झकास काम केलंस यार." ऑफिसात केक आणला, माझं नाव पडद्यावर झळकलं. मी केक कापला आणि खाल्लाही.

आता घरची गोष्ट. मी मालाडला पूर्वेला राहते, आईबरोबर. माझे वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर त्यांनी वॉचमनची नोकरी करून मला इंजिनिअर केलं. ते गेले, आणि आई दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं पण ती स्वतःच्या पायांवर नीट उभी राहिली नाही. मी ऑफिसला जाणार, मग दिवसा तिचं सगळं करायला बाई हवी. पेशंटसाठी बायका पुरवणाऱ्या मालाडच्या एका ब्युरोतून संगीता आली.

संगीताचं माहेर जालन्याकडचं, लग्नानंतर ती दिंडोशीच्या टेकडीवर आली. नवरा दारूपायी गेलेला, एक मुलगी कॉलेजात. पहिल्या दिवशी तिनं आईला आंघोळ घालायच्या आधी बाथरूमचा दिवा बंद केला आणि दार थोडं उघडं ठेवून बाहेरच्या उजेडात सगळं उरकलं. माझी आई आयुष्यात कोणासमोर पदर ढळू न दिलेली बाई. परक्या बाईच्या हातून आंघोळ म्हणजे तिला रोजचं मरण होतं. त्या दिवशी ती आंघोळ करून बाहेर आली ती चक्क चहा मागत. मी संगीताला विचारलं, दिवा का घालवला? "आजींना लाजल्यासारखं होत होतं ताई," एवढंच म्हणाली.

वर्षभर घर सुरळीत चाललं. मग आईला लघवीचं इन्फेक्शन होऊन हॉस्पिटलात ठेवावं लागलं. ब्युरोचा नियम असा की पेशंट हॉस्पिटलात गेला की बाईची ड्युटी तुटते आणि तिला दुसरीकडे पाठवतात. आई घरी आली तेव्हा मी ब्युरोत फोन करून संगीताच हवी म्हणून सांगितलं. ब्युरो चालवणाऱ्या बाईंनी थोड्या वेळानं उलट फोन केला.

"तिचा फोन लागत नाही मॅडम. दुसरी देते."

"परत लावून बघा ना."

"किती लावायचा? हल्ली तिचं असंच चाललंय. या बायका बाहेरच्या बाहेर ड्युटी पकडतात आणि फोन बंद ठेवतात. आमच्याकडे दोनदा फोन लागला नाही की नाव खाली टाकतो."

मी स्वतः लावून बघितला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दुसऱ्या दिवशीही तेच. मला संताप आला. वर्षभर घरच्यासारखं ठेवलं आणि चार पैसे जास्त मिळाले तशी गेली, असं मी ठरवूनच टाकलं. ब्युरोच्या बाईंना सांगितलं, "असल्या बाईला पुन्हा पाठवूच नका." आईनं हे अंथरुणातून ऐकलं.

"फोन लागणा नाय म्हणान माणूस वायट जाता काय गो?" ती म्हणाली.

"तुला नाही कळणार ते," मी म्हटलं. ज्या बाईचं पोट फोन लागण्या-न लागण्यावर भरतं तिने, म्हणजे मी, आपल्या आईला हे सांगितलं.

नंतर आलेल्या बायका वाईट नव्हत्या. पण घाईत असायच्या. दिवा लख्ख लावून, दार सताड उघडं टाकून भसाभसा पाणी ओतायच्या. आई आंघोळीला नको म्हणायला लागली. "ह्या बायेक माका हात लावूक सांगू नको, माका शरम वाटता," असं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडायची. आंघोळ टळत गेली आणि पाठीला जखम झाली. मी संगीताच्या नावानं बोटं मोडत मलम लावत होते.

एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात संगीता, हातात पिशवी, पिशवीत आईला आवडतात म्हणून आणलेले पेरू.

"इकडून चालले होते, म्हटलं आजींना बघून जावं," ती म्हणाली. आत यायचं की नाही याचा तिला अंदाज येत नव्हता. मीही ये म्हटलं नाही.

"तुझा फोन बंद करून कुठे गेली होतीस?" मी उंबऱ्यातच विचारलं.

"बंद कुठं ताई? चालूच असतो. पण घरात लागतच नाही. आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाचा लागत नाही. पैलं लागायचा. आता विहाराच्या पायरीवर जाऊन उभी राहिले की मग मेसेज येतो, अमक्याचा मिस कॉल तमक्याचा मिस कॉल. तोवर ब्युरोनं दुसरी बाई पाठवलेली असते." मग म्हणाली, "तुम्ही लावला होता तर चुकलंच माझं. मला वाटलं आजींनाच मी नको झाले."

मी तिला विचारलं, कधीपासून? तिनं सांगितलं. कंपनी कुठली? आमचीच. गल्ली नेमकी कुठे? कॉम्प्लेक्सच्या भिंतीमागून टेकडीकडे चढताना, मधली. मला पुढे विचारायची गरज उरली नाही. ती माझी माफी मागत माझ्या दारात उभी होती, आणि तिचा फोन माझ्या बोटानं गेला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या उंबऱ्यात कळलं. तरी मी तिला तेव्हा काही बोलले नाही. "आत ये, आई वाट बघतेय," इतकंच म्हटलं.

संध्याकाळी ऑफिसचा तपासणीचा फोन घेऊन मी तिच्याबरोबर टेकडीवर गेले. वीस वर्षं ज्या गल्ल्या मी स्क्रीनवर सरकवल्या त्यातली एकही मी पायी चढले नव्हते. पत्र्याची छपरं, खाली भिंतीला भिंत लागलेली घरं. रेंज अशा घरात आधीच अर्धी होते. माझ्या हातातला फोन टेकडीच्या कमजोर सेलला चिकटून बसला होता आणि आत पाऊल टाकलं की मान टाकत होता. भिंतीपलीकडच्या कॉम्प्लेक्सचा दमदार सेल तिथून हाकेच्या अंतरावर होता. तिकडे जाऊ नकोस म्हणून फोनला मीच बजावलेलं. चालता चालता संगीतानं सहज सांगितलं की मुलुंडच्या एका आजोबांकडे वर्षभराची ड्युटी मिळणार होती, माणसं चांगली होती, पण त्या दिवशी ब्युरोचा फोन लागला नाही आणि ती दुसरीला गेली. आता ब्युरो तिला फक्त बदली म्हणून बोलावतं. मुलीचं कॉलेज सुटतंय की काय, या विचारानं रात्री झोप लागत नाही म्हणाली. हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती, नशिबाची गोष्ट म्हणून सांगत होती. त्यामुळे मला जास्तच लागलं.

सोमवारी मी राजीवसमोर बसले.

"मग तक्रारी कशा कमी झाल्या रे?" मी विचारलं.

"कारण फोन लागत नाही ना तिकडे," तो शांतपणे म्हणाला. "तक्रार करायला पण फोन लागतो मनीषा. आणि बरेच जण कंपनी सोडून गेले. म्हणून तर टेकडीचा सेल हिरवा दिसतोय."

"तुला माहीत होतं?"

"तुला नव्हतं?"

आकडा कमी झाला तो का, हे मी शोधलं नव्हतं. वाढला असता तर शोधलं असतं.

"मी बोट काढतेय," मी म्हटलं.

"काढ. मग साहेबांचा फोन तू घे. सोमवारी मीटिंगला तू बस." मग त्याचा आवाज मऊ झाला. "अगं, तुला त्या गल्लीचंच करायचंय ना? मग दुसरीकडून सरकव. टेकडीला वळसा घालून खाणीच्या बाजूला बघ. तिकडचा सेल मोकळा आहे."

खाणीच्या बाजूला जुनी दगडाची खाण आहे, बंद पडलेली, आणि तिच्या कडेनं वस्ती. मी स्क्रीनवर बघितलं. राजीवचं बरोबर होतं. कॉम्प्लेक्सच्या सेलमधून संगीताच्या गल्लीऐवजी खाणीकडच्या कडेचे फोन सरकवले तर कॉम्प्लेक्स हिरवंच राहणार होतं. साहेब खूश, संगीताचा फोन चालू, मीटिंगही शांत. मी अडून बसायला हवं होतं. डबे लावा नाहीतर दिवाणखाना लाल राहू दे, असं म्हणायला माझ्यापाशी वीस वर्षांचा अनुभव होता आणि घालवायला फारसं काही नव्हतं. मी तसं काही म्हटलं नाही. एका सेलखालचं बोट काढलं आणि दुसऱ्याखाली लावलं. स्वतःला सांगितलं, तिकडे तरी आपल्या ओळखीचं कोणी राहत नाही. हे मी मनातल्या मनात, पण स्पष्ट शब्दांत म्हटलं होतं, म्हणून लिहून टाकते.

ब्युरोच्या बाईंना फोन करून सांगितलं, चूक कंपनीची होती, संगीताची नाही. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच तर म्हणालात पाठवू नका." ते खरंच होतं. बरंच गयावया केल्यावर संगीता आमच्याकडे परत आली. मुलुंडची ड्युटी मात्र गेली ती गेलीच. आईची आंघोळ पुन्हा दिवा बंद करून होऊ लागली आणि पाठीची जखम भरत आली. घरात सगळं मार्गी लागलं आणि माझंच चित्त थाऱ्यावर नव्हतं.

शेवटी एक दिवस संगीता आईची वेणी घालत असताना मी सांगून टाकलं.

"तुझा फोन मीच घालवला होता."

ती हसली. "तुम्ही कशाला घालवाल?"

मी जमेल तसं समजावलं. कॉम्प्लेक्स, टेकडी, बोट, सगळं. तिचा फणी धरलेला हात थांबला. आईही ऐकत होती. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, आणि तिनं बोलावं असं मला फार वाटत होतं.

"म्हणजे परत चालू पण तुम्हीच केला?" तिनं विचारलं.

"हो."

"मग झालं की ताई." आणि तिनं वेणीचा पुढचा पेड घातला. आईनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. तिला समजायचं ते समजलं होतं.

संगीतानं गल्लीत जाऊन यातलं अर्धंच सांगितलं, दुसरं अर्धं. रेंज आमच्या ताईंनी आणली. झालं, पुढच्या रविवारी संध्याकाळी विहारात माझा सत्कार ठेवला. मी नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले. संगीता म्हणाली, "ताई, आमच्याकडं कोण कधी स्वतःहून काही करत नाही. तुम्ही केलंत. नाही आलात तर माझी मान खाली जाईल." तिची मान माझ्यामुळे पुरेशी खाली गेली होती. मी गेले.

विहार लहान, स्वच्छ, सतरंज्या अंथरलेल्या. वंदना झाली. गल्लीतले कांबळे काका, महापालिकेतून रिटायर झालेले, माईकवर उभे राहिले. फोन लागत नसल्यानं कोणाकोणाचं काय बिघडलं ते त्यांनी सांगितलं, माणसांना उभं करून, नावानिशी. एकाची रिक्षा बुकिंगवाचून उभी राहिली. एका पोरीचा मुलाखतीचा फोन हुकला. एका म्हातारीला अॅम्ब्युलन्स बोलवायला पोरगा पायऱ्या उतरत धावत गेला. ती म्हातारी वाचली, समोरच बसली होती, हात जोडून माझ्याकडे बघत होती. माझ्यावर आरोपपत्र वाचलं जात होतं आणि दर वाक्याला टाळ्या पडत होत्या.

मला शाल घातली, गुलाबाचा गुच्छ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी ठरवून आले होते. माईक हातात घेऊन म्हटलं, "यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही. तुमची रेंज गेली ती माझ्याच ऑफिसमुळे गेली होती. माझ्यामुळे गेली होती."

कांबळे काकांनी माईक घेतला. "बघा! एवढा मोठा माणूस, पण किती साधेपणा. चूक कंपनीची आणि अंगावर घेतात मॅडम. जय भीम!" सगळ्या विहारानं टाळ्या वाजवल्या. संगीताची मुलगी शिट्टी वाजवायची बाकी होती. खरं बोलले तेही माझ्या खात्यावर मोठेपणा म्हणून जमा झालं. मी शाल सावरत खाली बसले.

चहा झाल्यावर मी चपला घालत होते तेव्हा एक बाई जवळ आली. माझ्याच वयाची, जरीकाठी साडी, या गल्लीतल्या कोणाची तरी पाहुणी असावी. बराच वेळ बाजूला थांबली होती, गर्दी कमी व्हायची वाट बघत.

"मॅडम, आमचंपण जरा बघा ना," ती हळू आवाजात म्हणाली. "आमच्याकडं थोड्याच दिवसांपासून फोन लागेनासा झालाय. आधी चांगला लागायचा. लेकीचे दिवस भरत आलेत, ती सासरी आहे, सोलापूरला. तिचा फोन यायचा असतो म्हणून मी रोज खाली रस्त्यावर जाऊन उभी राहते."

"तुम्ही कुठे राहता?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"मागं. खाणीच्या बाजूला."

माझ्या खांद्यावर त्यांची शाल होती. मी "बघते" म्हटलं. मुंबईत बघते म्हणजे काय ते तिलाही माहीत असणार, तरी तिचा चेहरा उजळला. ती माझा हात हातात धरून उभी राहिली. संगीता मागून हाक मारत होती, रिक्षा आली होती.

"पुष्पा म्हणा," ती म्हणाली. "खाणीजवळ कुणालाही विचारा, पुष्पाचं घर."

मी तिचं नाव विचारलं नव्हतं. माझ्या लक्षात राहावं म्हणून ते तिनं आपणहून सांगितलं.